बी चावल्याशिवाय तोडणी नाही

द्राक्षाची बी थुंकून टाकायची, हे लहानपणापासून ऐकलेलं. ती चावायला मला शिकवलं एका वाइनरीतल्या माणसाने, आणि तेही माझ्या मालाचा भाव पाडून.

आमची बाग दिंडोरी तालुक्यात. दोन एकर थॉमसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं, आणि दीड एकर शिराझ, म्हणजे वाइनची काळी. शिराझ वाइनरीशी केलेल्या कराराची. त्या वर्षी फेब्रुवारीतच ऊन तापलं, रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 24 ब्रिक्स दिसला आणि मी मजूर लावून दोन दिवसांत तोडणी उरकली. थॉमसनमध्ये हात घडलेले. गोडी आली की माल तयार, एवढाच आमचा हिशोब. गाडी वाइनरीच्या दारात लागली. त्या माणसाने क्रेटमधले चार मणी तोंडात टाकले, बिया तळहातावर काढल्या आणि हात माझ्यापुढे धरला. सगळ्या हिरव्या. "ताई, साखर आलीय, बी अजून आली नाही," म्हणाला आणि किलोमागे चार रुपये कापले. घरी येईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात बरंच बोलले. मग उरलेल्या घडातली एक बी चावली. तोंड असं आखडलं की विचारू नका. सासूबाई ओट्याशी बसल्या होत्या, त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "हिरडा खाल्लास का गं?"

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. हिरड्यात जे असतं त्याच जातीचं द्राक्षाच्या बीत असतं: टॅनिन. टॅनिन हे पॉलिफिनॉल नावाच्या वनस्पतींतल्या द्रव्यांच्या मोठ्या खटल्यातलं एक घर. काळ्या द्राक्षाचा रंग देणारं अँथोसायनिन हे दुसरं. हळदीतलं कर्क्युमिनही याच गोतातलं. लाळेत जी प्रथिनं असतात, ज्यांच्यामुळे तोंड बुळबुळीत राहतं, त्यांना टॅनिन धरून बसतं. वंगण गेलं की जीभ टाळूला घासते. म्हणून आजचे शरीरशास्त्रवाले म्हणतात, तुरट ही चव नाही, तो स्पर्श आहे. आयुर्वेदाने तुरटाला सहा रसांत बसवलंय. मला दोन्ही पटतं.

आता मी कसं चाखते ते सांगते. वाइनची द्राक्षं असतील तर हे तोडणी ठरवायला कामी येईल. नसतील तरी बाजारातून बीवाला काळा घड आणून करून बघा.

बागेत असाल तर आधी फवारणीची वही उघडा. शेवटच्या औषधाचा काढणीपूर्व कालावधी (फवारणीनंतर तोडणीपर्यंत सोडायचे दिवस) उलटला नसेल तर मणी तोंडात घालायचा नाही, आणि उलटला असला तरी धुऊनच.

वेळ सकाळची, मणी गार असताना. एका वेलीचा एक घड बघून काही कळत नाही. ओळीच्या उन्हाकडच्या बाजूचे आणि सावलीकडचे, घडाच्या खांद्यावरचे, मधले, शेंड्याचे असे चाळीस-पन्नास मणी भांड्यात गोळा करा. चाखायचे मात्र त्यातले दहा-बाराच. तुरटपणा तोंडात साचत जातो. विसावा मणी चाखेपर्यंत चांगला मालही वाईट वाटायला लागतो. दोन मण्यांच्या मध्ये पाण्याची चूळ आणि कोरड्या भाकरीचा तुकडा.

मणी दोन बोटांत धरून तोंडात दाबा. गर आणि रस आधी येतो, तो गिळून टाका. गोड-आंबट कळलं, त्याचं काम झालं. सालीचा गोळा मागे राहतो, तो दाढेखाली पंधरा वेळा मोजून चावा. मग पांढऱ्या कागदावर थुंका. (बागेत माझ्या खिशात जुन्या वह्यांचे कोरे कागद असतात, मजुरांना आता सवय झाली आहे.) फिकट गुलाबी डाग पडला तर सालीने अजून रंग सोडलेला नाही. जांभळा-काळा पडला तर सोडला. आता जीभ हिरड्यांवरून आणि टाळूवरून फिरवा. कच्च्या केळ्याच्या चिकासारखं चिकटून बसलं तर थांबा. दाट चहासारखं आलं आणि घोटाभराने उतरलं तर ठीक.

शेवटी बी. आधी रंग बघा: हिरवी, पिवळट की तपकिरी. मग पुढच्या दातांनी फोडा. कच्ची बी दाबली की चेपते आणि तिची साल चिकटते. कडू आणि तुरट दोन्ही एकदम. पिकलेली बी फुटाण्यासारखी कडकन फुटते आणि भाजल्यासारखी लागते. माझा नियम असा: दहा बियांपैकी आठ तपकिरी आणि कडक असल्याशिवाय मजुरांना निरोप जात नाही. तारीख, ब्रिक्स, कागदावरचा डाग आणि बियांचा आकडा, एवढं वहीत लिहायचं. तीन-तीन दिवसांनी पुन्हा.

एवढा खटाटोप का? कारण आपल्याकडे साखर घाई करते. मण्यात पाणी उतरायला लागलं, म्हणजे कडक मणी मऊ पडू लागला, की रंग धरतो, साखर वाढते, आणि बीतलं टॅनिन हळूहळू बांधलं जातं, बीची साल तपकिरी होते. थंड देशांत हे सगळं सावकाश, जोडीने चालतं. नाशिकला फेब्रुवारी-मार्चचं ऊन साखरेला पुढे पळवतं आणि बी मागे राहते. तांबडी वाइन करताना साल आणि बी टाकीत रसाबरोबरच राहतात, आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त. सालीतला रंग पाण्यातही सुटतो. बीतलं टॅनिन मात्र अल्कोहोल चढेल तसं ओढलं जातं. बी हिरवी असेल तर तो सगळा कडवटपणा वाइनमध्ये. पांढऱ्या वाइनला ही भानगड नाही, तिथे आधी रस पिळून घेतात आणि मग आंबवतात. म्हणून पांढरीत फिनॉलं तांबडीच्या जेमतेम दशांश. आणखी एक गंमत: बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर बिनरंगीच असतो, सोलून बघा. गरालाही रंग असलेल्या जाती थोड्या. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने रसासाठी काढलेली मांजरी मेडिका त्यातली.

थॉमसनवाल्यांसाठी

शिराझवर ज्या रंगासाठी आम्ही डोळे लावून बसतो, तोच रंग थॉमसनवर आला की आमच्या पोटात गोळा येतो. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा उतरल्याच्या बातम्या येतात, रात्र गारठते, दुपारी चांगलं ऊन पडतं, आणि या ओढाताणीत हिरवे मणी गुलाबी व्हायला लागतात. पिंक बेरी. तेही अँथोसायनिनच. खायला त्यात काही वाईट नाही, आम्ही घरी तेच खातो, पण निर्यातीच्या पेटीत असा मणी चालत नाही. उपाय कागदाचा: पाणी उतरण्याच्या आधीच घड कागदाने झाकायचे. गुलाबी दिसल्यावर कागद लावून उपयोग नाही, आलेला रंग मागे जात नाही. एका वर्षी मी मजुरी वाचवायला कडेच्या चार ओळी उघड्या ठेवल्या. त्या चार ओळी मग लोकल बाजारात गेल्या.

स्वयंपाकघरात

बाग नसली तरी चालेल, हे प्रयोग मी भाचरांना दाखवते.

काळ्या द्राक्षांची किंवा जांभळाची साल कोमट पाण्यात चुरा, गाळा, तीन वाट्यांत ओता. एकीत लिंबू पिळा: लालबुंद. एकीत चिमूटभर खायचा सोडा: निळसर, मग हिरवट. तिसरी तुलनेला तशीच ठेवा. अँथोसायनिन आंबटाला एक तोंड दाखवतं आणि सोड्याला दुसरं. म्हणून जांभळाच्या सरबतात लिंबू पिळलं की रंग खुलतो.

टॅनिन बघायचं तर दाट कोरा चहा करा आणि निवू द्या. गरम असेल तर अंडं शिजेल आणि काही कळणार नाही. त्यात अर्धा चमचा अंड्याचा पांढरा बलक ढवळा. चहा गढूळ होतो, थोड्या वेळाने पुंजके तळाला बसतात. टॅनिनने प्रथिनं धरली, लाळेत झालं तेच वाटीत झालं. युरोपात तांबड्या वाइनचा खरखरीतपणा काढायला पिंपात अंड्याचा पांढरा घालायची जुनी रीत आहे, ती हीच. हा चहा प्यायचा नाही, कच्चं अंडं आहे त्यात. चवीचा फरक हवा असेल तर दुसऱ्या कपात दूध घाला. दुधातलं केसीन हेच काम करतं. आपल्या चहाचा तुरटपणा कुणाला जाणवत नाही तो त्यामुळेच.

लोखंडाची गोष्ट तर घरोघरी ठाऊक आहे, फक्त कुणी तिला रसायनशास्त्र म्हणत नाही. मेंदी लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजवायची, आवळा पावडर रात्रभर लोखंडात ठेवायची, सकाळी काळीकुट्ट. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई याच जोडीने होत असे. उलट बाजूने हेही लक्षात ठेवा की आवळ्याची भाजी लोखंडी कढईत टाकलीत तर ती काळी होणारच, बिघडली म्हणून फेकू नका.

वांगं चिरलं की काळं पडतं ते वेगळं. तिथे वांग्यातली फिनॉलं, हवा आणि त्याचंच एक विकर यांची गाठ पडते. मिठाच्या पाण्यात टाकलं की हवा तुटते. केळफूल ताकात टाकतात, तिथे आंबट विकराला बसवतं. बेदाणा करतानाही हीच लढाई: उघड्या उन्हात वाळवला तर तपकिरी, डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, शेडमध्ये सावलीत वाळवला तर हिरवट-पिवळा.

आणि औषध म्हणून वाइन?

हा प्रश्न मला लग्नाकार्यात विचारतात, बहुतेक वेळा हळू आवाजात. 1991 साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाने फ्रेंच लोकांचं हृदय तांबड्या वाइनमुळे ठणठणीत राहतं अशी हवा केली, आणि तेव्हापासून रेस्वेराट्रॉल हे नाव लोकांच्या तोंडी बसलं. तेही एक पॉलिफिनॉलच. द्राक्षाच्या सालीत ते असतं, खरं आहे. पण तांबड्या वाइनच्या लिटरमागे ते फार तर काही मिलिग्रॅम. त्याच्यासाठी दारू प्यायची म्हणजे मिठासाठी समुद्र प्यायचा. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्टच सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण निर्धोक नाही. मी स्वतः शिराझ विकते, तरी सांगते: वाइन आवडते म्हणून प्या, नाहीतर पिऊ नका. फिनॉलं हवीत तर काळी द्राक्षं सालासकट खा, जांभळं, आवळा, डाळिंब, नाचणी, शेंगदाण्याची लाल सालं खा. आमच्या सुनेने शेंगदाणे सोलून ती सालं फुंकरीने उडवलेली बघितली की माझा जीव जातो.

एक पथ्य मात्र पाळा. जेवणाबरोबर किंवा लगेच वर चहा नको. चहातलं टॅनिन भाजी-भाकरीतलं लोह धरून ठेवतं, अंगी लागू देत नाही. घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर तासभर तरी मध्ये सोडा. लिंबू, आवळा, पेरू यांतलं क जीवनसत्त्व उलट लोहाच्या बाजूने उभं राहतं. हे मी सासूबाईंना कढईचा, शाईचा, चहाचा सगळा दाखला देऊन समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, जेवल्या जेवल्या नेहमीसारखा चहा मांडला, आणि दुसऱ्या दिवसापासून पानात लिंबाच्या दोन फोडी वाढायला लागल्या.