सागरी लढाईचं पुस्तक कसं वाचावं: आधी घड्याळं जुळवा

सागरी लढायांची जाडजूड पुस्तकं लोक हौसेने विकत घेतात आणि साठाव्या-सत्तराव्या पानावर सोडून देतात. का सोडलं विचारलं, तर म्हणतात, “नावं फार आहेत हो.” नावांचं काय घेऊन बसलात! महाभारतात याच्या दसपट नावं आहेत आणि ती आपण जेवता जेवता आजीकडून ऐकून पचवली. खरी अडचण वेगळी असते. कोण, कुठे, किती वाजता होतं, याचं चित्र डोक्यात तयार होत नाही, आणि समुद्रावर टेकडी नाही, नदी नाही, गाव नाही, त्यामुळे चित्राला टेकायला काहीच मिळत नाही. “नकाशे सोडा, गोष्ट म्हणून वाचा,” असा सल्ला देणाऱ्यांनी अशी पुस्तकं स्वतः किती संपवलीत हे एकदा विचारून बघा.

मी गेली बरीच वर्षं ही पुस्तकं कागद-पेन्सिल घेऊन वाचतो. ती पद्धत इथे सांगतो. उदाहरणाला मिडवेची लढाई घेऊ, जून १९४२ची, प्रशांत महासागरातल्या मिडवे या अमेरिकन बेटाजवळची. चार जपानी विमानवाहू जहाजं, आकागी, कागा, सोऱ्यू आणि हिर्यू. समोर तीन अमेरिकन, एंटरप्राइझ, हॉर्नेट आणि यॉर्कटाउन. पहिल्यांदा करणाऱ्याला याहून चांगली लढाई नाही, कारण दोन्ही बाजूंच्या नोंदी उपलब्ध आहेत.

पुस्तकं दोन घ्या, एक या बाजूचं, एक त्या बाजूचं. एकाच बाजूची दहा वाचलीत तरी तुम्ही एकच पुस्तक दहा वेळा वाचलेलं असतं. जपानी बाजूसाठी या चार विमानवाहू जहाजांचा सेनापती नागुमो याच्या ताफ्याचा लढाई-अहवाल आहे. अमेरिकन नौदलाने तो १९४७ साली इंग्रजीत छापला आणि आज तो इंटरनेटवर सहज मिळतो.

कागद

ए-थ्री आकाराचा आलेख कागद उभा धरा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा सागरी मैल. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अर्थात अक्षांशाचा एक मिनिट. म्हणून अक्षांशाचा एक अंश बरोबर सहा सेंटिमीटर. रेखांशाला मात्र हाच हिशेब लावू नका. रेखांश ध्रुवाकडे एकमेकांजवळ सरकत जातात. ३० अंश उत्तरेला रेखांशाचा एक अंश सुमारे ५२ सागरी मैलांचाच उरतो, म्हणजे कागदावर ५.२ सेंटिमीटर. मिडवे २८ अंश १२ मिनिटं उत्तर, १७७ अंश २२ मिनिटं पश्चिम इथे आहे. ते कागदाच्या तळाशी ठेवा. मी पहिल्यांदा मधोमध ठेवलं आणि लढाई सगळी उत्तरेला झाल्यामुळे खालचा अर्धा कागद कोरा राहिला.

जपानला लाल पेन्सिल, अमेरिकेला निळी. कंपासपेटीतला कोनमापक चालतो, पण दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात, शाळेतल्यासारखी उजवीकडून उलटी नाही.

‘नॉट’ म्हणजेच ताशी एक सागरी मैल. ‘ताशी तीस नॉट’ लिहिणाऱ्या अनुवादकाचा बाकीच्या आकड्यांबाबतही भरवसा धरू नका.

वेळ

इथे मात्र थांबायचं, कारण सगळी गडबड इथेच होते. माझी तर दोन वर्षं होत होती.

जपानी नौदल जगात कुठेही असलं तरी टोकियोच्या वेळेवर चालायचं. त्यामुळे नागुमोच्या अहवालात मिडवेवर हल्ला करायला विमानं उडाली ती ५ जूनला, ०१३० वाजता, म्हणजे रात्री दीडला. मी हे वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर मध्यरात्र आणली. काळोखात उजळलेली धावपट्टी, कंदील हलवणारे खलाशी, वगैरे. पुढे कित्येक पानं मी ती लढाई अंधारात वाचत होतो. प्रत्यक्षात मिडवेच्या घड्याळात तेव्हा ४ जूनचे पहाटेचे साडेचार झाले होते आणि पूर्वेला फटफटायला लागलं होतं.

म्हणजे तारीखही वेगळी आणि तासही वेगळा. मधून आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. त्यात पर्ल हार्बरमधल्या मुख्यालयाचं घड्याळ मिडवेच्या घड्याळाशी जुळत नव्हतं, म्हणजे अमेरिकन कागदपत्रांतही सगळ्या वेळा एका घड्याळाच्या नसतात. बहुतेक पुस्तकांत प्रस्तावनेच्या आसपास कुठेतरी बारीक अक्षरात लेखकाने कुठली वेळ वापरली हे लिहिलेलं असतं. ती ओळ आधी शोधा आणि अधोरेखित करा. ती नसेल तर ते पुस्तक या कामाचं नाही, कितीही गाजलेलं असो.

आता माझी फजिती. अमेरिकन अहवालांत ‘झोन प्लस १२’ असं लिहिलेलं असतं. आपल्याला सवय असते ती ‘जीएमटी प्लस साडेपाच’ म्हणजे आपण ग्रीनिचच्या पुढे, याची. त्याच हिशेबाने मी मिडवेला ग्रीनिचच्या बारा तास पुढे नेऊन बसवलं. मग टोकियोची वेळ काढली. तास-मिनिटं तंतोतंत जुळली! फक्त तारीख जुळेना. माझ्या हिशेबात ४ जून येत होती आणि जपानी अहवाल ५ जून म्हणत होता. मी सरळ निष्कर्ष काढला की अहवालात छापायची चूक आहे आणि माझ्या प्रतीत पानोपानी तारीख खोडून दुरुस्त केली. ती खोडाखोड आजही तशीच आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर नौदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. महिन्याभराने त्यांना तो कागद दाखवला.

“काका, वेळ बरोबर येते, तारीख येत नाही. छापणाऱ्यांनी घोळ घातलाय.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकापाशी धरला. “छापणाऱ्यांनी नाही, तू घातलायस. नौदलात प्लस म्हणजे पुढे नाही रे. प्लस म्हणजे ग्रीनिचला पोचायला इतके तास मिळव. मिडवे मागे आहे, म्हणून प्लस. आपण पुढे आहोत, म्हणून आपण मायनस साडेपाच.”

“पण मग तास कसे जुळले?”

“बारा इकडे आणि बारा तिकडे. चोवीस तासांची चूक घड्याळात दिसते का कधी?”

म्हणून माझा नियम: चिन्हावर विश्वास ठेवायचा नाही. त्या जागी सूर्य ग्रीनिचच्या आधी उगवतो की नंतर, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा. टोकियोला नऊ तास आधी, म्हणून ग्रीनिचची वेळ काढताना नऊ वजा. मिडवेला बारा तास उशिरा, म्हणून ग्रीनिचवरून मिडवेवर येताना बारा वजा.

वहीत चार रकाने आखा: पुस्तकातली वेळ, ती कुणाच्या घड्याळाची, ग्रीनिचची वेळ, लढाईच्या जागेची वेळ. तारीख प्रत्येक रकान्यात लिहायची. ‘तारीख काय, कळतेच’ असं म्हणणाऱ्या माणसाची खोडाखोड तुम्ही वर वाचलीच आहे. पहिली ओळ अशी येईल: ०१३०, ५ जून, टोकियो, १६३०, ४ जून, ०४३०, ४ जून.

थेट एकवीस तास वजा केले की झालं, मधला ग्रीनिचचा रकाना कशाला, असं काहीजण म्हणतात. मिडवेपुरतं ते चालेलही. पण पुढच्या लढाईला एकवीस नसतात आणि सवय मात्र एकवीसची लागलेली असते. सगळं भारतीय वेळेत आणा असं सांगणारेही आहेत. तो सल्ला तर मुळीच ऐकू नका. लढाईत उजेड कधी होता, पायलटच्या डोळ्यांवर ऊन कुठून येत होतं, हे त्या जागेच्या वेळेवरूनच कळतं.

ग्रीनिचच्या रकान्याची किंमत कळायला डिसेंबर १९४१चं उदाहरण पुरे. पर्ल हार्बरवर हल्ला ७ डिसेंबरला, मलायातल्या कोटा भारूच्या किनाऱ्यावर जपानी सैन्य उतरलं ८ डिसेंबरला. तारखा पाहून कुणीही म्हणेल, आधी पर्ल हार्बर. रकान्यात मांडा: कोटा भारूचं उतरणं तासाभराहून अधिक आधी झालेलं दिसेल. जपानशी त्या युद्धातली पहिली गोळाबारी झेलणाऱ्यांत तिथल्या किनाऱ्यावरचे डोग्रा जवान होते, हे तारखांवर विसंबणाऱ्याच्या नजरेतून सुटतं.

आणि हे फक्त परदेशातलं झेंगट आहे असं समजू नका. १९७१च्या डिसेंबरमध्ये कराची आपल्यापेक्षा अर्धा तास मागे होती आणि ढाका अर्धा तास पुढे. कराचीवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्याचं भारतीय आणि पाकिस्तानी वर्णन शेजारी ठेवून वाचताना हा अर्धा तास विसरलात, तर एक बाजू खोटं बोलतेय असं तुम्हाला विनाकारण वाटेल. जुन्या मुंबईबद्दलच्या नोंदींत तर ‘बॉम्बे टाइम’ही भेटतो. भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारी ही वेळ १९५५पर्यंत शहरात टिकून होती. आणि महायुद्धात १९४२च्या सप्टेंबरपासून प्रमाणवेळच तासभर पुढे केली होती. तेव्हा आधी विचारा, घड्याळ कुणाचं?

पडताळा

रकाने भरून झाले की गतीवर तपासा. पहाटे साडेचारला नागुमो मिडवेच्या वायव्येला सुमारे २४० सागरी मैलांवर होता. त्याची विमानं साडेसहाच्या सुमारास मिडवेवर पोचली. दोन तासांत २४०, म्हणजे १२० नॉट. त्या काळच्या बॉम्बफेकी विमानाला हे जमण्यासारखं. तुमच्या कागदावर ३०० नॉट आले तर विमान बरोबर आहे, तुम्ही चुकलात.

जागा मांडणं

आता टोने या जपानी क्रूझरच्या चौथ्या क्रमांकाच्या टेहळणी विमानाचा संदेश मांडा. ते मुळात अर्धा तास उशिरा उडालं होतं. ०७२८ला त्याने कळवलं: दहा जहाजं, मिडवेपासून १० अंशांवर, २४० मैल. मिडवेपासून वर २३.६ सेंटिमीटर आणि उजवीकडे ४.२ सेंटिमीटर मोजा. तुमचा बिंदू ३२ अंश ८ मिनिटं उत्तर, १७६ अंश ३४ मिनिटं पश्चिम इथे पडायला हवा. तिथे अमेरिकन जहाजं नव्हती. विमानाचा स्वतःच्या जागेचा अंदाजच चुकला होता. तरीही हा बिंदू खोडू नका. लाल रंगात तुटक वर्तुळ करा, कारण नागुमो त्या सकाळी याच चुकीच्या बिंदूवरून निर्णय घेत होता. खरी जागा निळ्या रंगात शेजारी. दोन्हींमधलं अंतर बघत त्या तासाची पानं वाचली, की नागुमोला मूर्ख म्हणणं जड जातं.

मग लढाईचा मुख्य भाग. लोकप्रिय कथा अशी: हॉर्नेटच्या टॉर्पेडो विमानांनी बलिदान दिलं, त्यांच्या मागे झीरो, म्हणजे जपानी लढाऊ विमानं, खाली आली, आकाश मोकळं झालं आणि त्याच क्षणी जपानी विमानवाहू जहाजांवर वरून अमेरिकन डाइव्ह बॉम्बर, म्हणजे सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं, कोसळली. बलिदान खरं आहे. पंधराची पंधरा विमानं गेली, तीस जणांपैकी एक वाचला. पण रकाना पाहा: हॉर्नेटची विमानं सव्वानऊ-साडेनऊच्या सुमाराला आली, बॉम्ब पडले ते दहा बावीसपासून पुढे. झीरोला पुन्हा वर चढायला तासभर लागत नाही. त्या मिनिटांत खाली अडकलेली झीरो विमानं यॉर्कटाउनच्या टॉर्पेडो विमानांच्या मागे होती.

दुसरी कथा ‘आणखी पाच मिनिटं’ची. पर्ल हार्बरच्या हवाई हल्ल्याचं नेतृत्व करणारा फुचिदा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे मिडवेला आकागीवर नुसता बघत होता. त्याने नंतर लिहिलं की डेकवर हल्ल्याची विमानं सज्ज उभी होती, पाच मिनिटांत उडणार होती. अनेक दशकं सगळ्यांनी तेच उतरवून काढलं. पण जपानी नोंदींतल्या वेळा रकान्यात भरत गेलात की दिसतं, बॉम्ब पडायच्या आधीच्या मिनिटांतही त्या डेकवर रखवालीची लढाऊ विमानं उतरत-उडत होती. डेक भरलेला असता तर उतरली कुठे असती? हल्ल्याची विमानं खाली हँगरमध्येच होती, आणि ती वर आणून रांगेत लावायला पाऊण तासाच्या आसपास लागत असे.

वैमानिकांच्या दाव्यांना मी कागदावर जागाच देत नाही. मिडवेवरून उडालेल्या बी-१७ या अमेरिकन बॉम्बफेकी विमानांच्या पायलटांनी जहाजांवर बॉम्ब लागल्याचं छातीठोकपणे सांगितलं, वर्तमानपत्रांनी ते छापलंही. एकाही विमानवाहू जहाजावर एकही लागला नव्हता. वीस हजार फुटांवरून पाण्याचा फवाराही स्फोटासारखा दिसतो. दावा समासात लिहायचा. समोरच्या बाजूच्या नोंदीत तो सापडला तरच कागदावर आणायचा.

उरलेली दुपार सोपी आहे. हिर्यूच्या विमानांचे यॉर्कटाउनवरचे दोन हल्ले, मग पाचच्या सुमाराला खुद्द हिर्यूवर बॉम्ब. तिथे लाल पेन्सिल खाली ठेवायला हरकत नाही. निळी मात्र हातात असू द्या. यॉर्कटाउन अजून तरंगते आहे आणि तिची रेघ ७ जूनच्या पहाटेपर्यंत जायची आहे.