टांझानियात स्वयंसेवक म्हणून येताय? मग हे वाचून निघा

शाळेत शिकवायला, दवाखान्यात मदतीला किंवा शेतीच्या एखाद्या प्रकल्पावर आपली बरीच मुलंमुली टांझानियात येतात. निघण्याआधी त्यांचे प्रश्न असतात ते बॅगेत काय भरायचं याचेच. बॅगेचं सांगतेच, पण आधी कागदपत्रं. पर्यटक व्हिसावर इथे स्वयंसेवकाचं काम करता येत नाही, मग ते बिनपगारी का असेना. दीर्घ मुदतीच्या कामासाठी ‘क्लास सी’ रहिवासी परवाना लागतो आणि थोड्या दिवसांसाठी येणार असाल तरी परवानगी काढावीच लागते. ‘आधी या, मग बघू’ असं एखादी संस्था म्हणाली, तर तिकीट काढू नका.

आता बॅग. 1 जून 2019 पासून इथे प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे सामान कापडी पिशव्यांत बांधा. चौकोनी तीन पिनांचं अडॅप्टर घ्या. स्वेटर नक्की घ्या. मी राहते त्या इरिंग्यात जून-जुलैच्या सकाळी स्वेटरशिवाय बाहेर पडवत नाही. दार एस सलामला मात्र बाराही महिने घाम असतो. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, रोज मच्छरदाणीत झोपा, आणि ताप आला तर ‘उद्या बघू’ म्हणू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

घड्याळाचा गोंधळ पहिल्याच आठवड्यात होतो. विषुववृत्त जवळ असल्यामुळे सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि स्वाहिलीत, म्हणजे इथल्या भाषेत, तास तिथून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे ‘साआ मोजा’, एक वाजला. माणूस स्वाहिलीत बोलत असेल तर सहा तासांचा फरक धरायचा, इंग्रजीत बोलत असेल तर नेहमीचं घड्याळ. बसची वेळ विचारताना ‘सकाळी की रात्री’ हेही विचारून घ्या.

पण या सगळ्यापेक्षा मला जास्त काळजी असते ती वेगळ्याच गोष्टीची. आपण कामाला आलोय म्हणून पहिल्या दिवसापासून कामाचंच बोलायचं, असं नवीन माणसाला वाटतं. इथे तुमची पारख कामाच्या आधी होते, आणि ती होते तुम्ही माणसांची विचारपूस कशी करता त्यावरून. सकाळी शिक्षकांच्या खोलीत शिरून थेट ‘वेळापत्रक झालं का?’ असं विचारलं तर कुणी बोलून दाखवणार नाही, पण ते उद्धटपणाचं वाटतं. वयाने मोठ्यांना ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘मराहाबा’ म्हणतात. बरोबरीच्यांशी ‘माम्बो’, ‘पोआ’. मग घरची खबर, कामाची खबर, मुलांची खबर. प्रत्येकाला उत्तर ‘न्झुरी’, म्हणजे छान. घरी कुणी आजारी असलं तरी पहिलं उत्तर ‘न्झुरी’च येतं, दुखणं त्यानंतर निघतं. म्हणून पहिल्या उत्तरावर पाठ फिरवू नका, थोडं थांबा. या पाच मिनिटांत जे कळतं ते बैठकीत कळत नाही.

आपल्याला भारतीय म्हणून आणखी एक प्रश्न हमखास येतो: ‘तुमचं दुकान कुठलं?’ राग मानू नका. इथले भारतीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने व्यापारात आहेत, त्यांतले बरेचसे गुजराती आणि कच्छी. 1971 मध्ये भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारती सरकारने ताब्यात घेतल्या आणि त्यानंतर अनेक कुटुंबं देश सोडून गेली. मालक आणि नोकर या नात्यातली जुनी अढी काही ठिकाणी अजून आहे. त्यामुळे रांगेत उभा राहणारा, डालाडालात दाटीवाटीने बसणारा भारतीय पाहून लोकांना नवल वाटतं, आणि बोलणं सुरू होतं. या डालाडाला म्हणजे छोट्या बस. उतरायचं असलं की ‘शुशा’ म्हणून ओरडायचं. आपली रिक्षा इथे ‘बजाजी’ याच नावाने धावते.

शाळेत येणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते. सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिली माध्यमाची असते आणि माध्यमिक शाळा एकदम इंग्रजी माध्यमाची. फॉर्म वनच्या, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्गातल्या मुलाला भौतिकशास्त्र पहिल्याच दिवसापासून परक्या भाषेत शिकायचं असतं. तुम्ही ‘समजलं का?’ असं विचारलंत की अख्खा वर्ग एका सुरात ‘येस मॅडम’ म्हणेल. वह्या उघडून पाहिल्या तर फळ्यावरचं सगळं वळणदार अक्षरात उतरलेलं असतं, स्वल्पविरामासकट. पण त्याच मुलाला सर्किटची आकृती स्वतःहून काढायला सांगा, मग खरं काय ते कळतं. मूल अडलंय ते विषयात की इंग्रजीत, हे आधी शोधा. त्यासाठी सहकारी शिक्षकांची मदत घ्या आणि स्वतः स्वाहिली शिका. जे स्वाहिली शिकत नाहीत त्यांच्या शिकवण्याचा मुलांना फारसा उपयोग होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट छडीची. मुख्याध्यापकांच्या अधिकाराखाली शाळेत छडी मारणं इथे कायद्याने चालतं, आणि ते डोळ्यांदेखत पाहणं फार जड जातं. तुमच्या हातात छडी दिली तर ठाम नकार द्या. पण मुलांसमोर सहकाऱ्याशी वाद घालू नका. त्याने मुलाचं काही भलं होत नाही, तुम्ही गेल्यावर त्याला त्याच शिक्षकापुढे बसायचं असतं. मुख्याध्यापकांशी एकट्याने बोला, आणि तुमचा वर्ग छडीशिवाय शांतपणे चालतोय हे त्यांना दिसू द्या.

घरातली वीज प्रीपेड असते. ‘लुकू’चे, म्हणजे या प्रीपेड विजेचे, पैसे भरले की फोनवर वीस आकडी क्रमांक येतो, तो मीटरमध्ये दाबायचा. रात्री अंधार व्हायची वाट न पाहता आधीच भरा. पैशांचे बहुतेक व्यवहार फोनवरून होतात. एम-पेसा इथे 2008 पासून आहे. पासपोर्ट दाखवून, बोटाचा ठसा देऊन सिम घ्या. सुट्टे पैसे मात्र जपून ठेवा, दहा हजार शिलिंगची नोट मोडताना छोट्या दुकानदाराची पंचाईत होते.

शाकाहारी असाल तर ‘मी न्यामा (मांस) खात नाही’ एवढं सांगून भागत नाही, कारण मग पुढ्यात कोंबडी किंवा मासा येऊ शकतो. कुकू (कोंबडी), सामाकी (मासा) आणि डागा (बारीक मासे) ही नावंही घ्या. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, महारागे म्हणजे घेवड्याची उसळ, आणि म्चिचा ही पालेभाजी बहुतेक ठिकाणी मिळते. जेवणाआधी कुणीतरी तांब्याने हातावर पाणी घालेल, दोन्ही हात पुढे करा. जेवायचं मात्र उजव्याच हाताने.

थोड्या दिवसांत तुमच्या नावाचं एक कार्ड येईल. ते लग्नाचं आमंत्रण नसतं, लग्नासाठी मागितलेली वर्गणी असते. तिला ‘म्चांगो’ म्हणतात. लग्नाची कमिटी बसते, कोण किती देणार याची यादी होते, वसुलीचे फोनही येतात. नवीन माणसाला हे भीक मागण्यासारखं वाटतं, आणि तसं वाटून घेणं फार चुकीचं आहे. आज तुम्ही त्यांच्यासाठी दिलेत, उद्या तुमच्यासाठी ते देतील, असा हा सगळा हिशेब असतो. झेपेल तो आकडा लिहा, पण लिहिलेला आकडा वेळेवर द्या.

कुणाकडे मृत्यू झाला तर ऑफिस ओस पडतं. कामाचा खोळंबा म्हणून कुरकुर करू नका, तुम्हीही जा. बायका आत चटईवर बसतात, पुरुष बाहेर खुर्च्यांवर. बाईमाणसाने कमरेला कांगा, म्हणजे इथलं छापील सुती कापड, गुंडाळून जायचं, म्हणून एक कांगा आल्या आल्याच घेऊन ठेवा. फार बोलावं लागत नाही, ‘पोले सना’ (फार वाईट वाटलं) म्हणून बसून राहिलं तरी पुरतं. तिथेही वर्गणीची वही असते, तेव्हा महिन्याच्या खर्चात लग्न आणि मयतीसाठी थोडी रक्कम वेगळी धरून चाला.