स्मृतिभ्रंशाचा प्रकार ओळखण्यासाठी रक्ततपासणी: कधी करावी, कशी वाचावी

कोथरूड-औंधमधल्या घरांत आई-वडील विसरू लागले की परदेशातल्या मुलांचा फोन येतो, ‘अल्झायमरची ती नवी रक्ततपासणी करून घ्या.’ तपासणी उपयोगी आहे. मात्र तिच्या आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासावे (शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे नवलाचे नाही), चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी आणि न्यूरोलॉजिस्टच्या सल्ल्याने एमआरआय करावा. रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणारा स्मृतिभ्रंश ओळखायला मुख्य आधार एमआरआयचाच असतो, त्याची खात्रीची अशी रक्ततपासणी नाही.

त्यानंतरही अल्झायमरची शंका उरली, तर पी-टाऊ २१७ हे प्रथिन मोजावे. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचते; ते साचू लागले की पी-टाऊ २१७ रक्तात वाढते, म्हणून अल्झायमर इतर प्रकारांपासून वेगळा काढायला रक्तातली सर्वांत भरवशाची खूण सध्या हीच आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व तपासण्यांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) मान्य केलेली पहिली रक्ततपासणी याच प्रथिनाचे अमायलॉइड बीटा ४२ शी (अमायलॉइडच्या एका रूपाशी) असलेले गुणोत्तर मोजते आणि ती ५५ वर्षांवरील, लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी आहे. लक्षणे नसताना निव्वळ धास्तीपोटी ती करू नये.

न्यूरोफिलामेंट लाइट हे दुसरे प्रथिन चेतापेशींची हानी दाखवते, हानीचे कारण सांगत नाही. पन्नाशीतल्या माणसाचे वागणे बदलले आणि प्रश्न मानसिक आजाराचा की फ्रंटोटेम्पोरल स्मृतिभ्रंशाचा (मेंदूच्या पुढच्या व बाजूच्या भागांतल्या विकाराचा) असा असला, तर या प्रथिनाची वाढलेली पातळी दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवते. परंतु पक्षाघातानंतर आणि नुसत्या वयानेही ती वाढते. लेवी बॉडी प्रकारात (यात चेतापेशींत दुसऱ्याच एका प्रथिनाच्या गाठी साचतात), माझ्या मते, घरच्यांनी सांगितलेली हकिगत रक्तापेक्षा मोलाची ठरते: नसलेली माणसे दिसणे, झोपेत हातपाय झाडणे, दिवसागणिक बदलणारी सावधता. या रुग्णांतही पी-टाऊ २१७ वाढलेले असू शकते, कारण लेवी बॉडी आणि अल्झायमर हे दोन्ही विकार अनेकदा एकत्र नांदतात.

अहवाल वाचताना क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांचे काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा जवळ ठेवावा, कारण मूत्रपिंडे कमकुवत असल्यास दोन्ही प्रथिने वाढलेली दिसतात. निकाल मधल्या, अनिश्चित पट्ट्यात आला तर मेंदूतले अमायलॉइड दाखवणारा पेट (PET) स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातील पाण्याची तपासणी लागू शकते. नमुना पुण्यातच तपासणार की बाहेरगावी पाठवणार, आणि पद्धत कोणती, हे प्रयोगशाळेला आधीच विचारावे. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत, म्हणून पुन्हा तपासणी करायची झाल्यास ती त्याच प्रयोगशाळेत करावी.