सिस्टर, ते खिशातलं पेन आधी बाहेर काढा

ऑपरेशन थिएटरात, म्हणजे आमच्या ओटीत, २५ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ इनचार्ज म्हणून. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात केली, तशीच कर्वे रोडच्या आतल्या गल्लीतल्या १२ खाटांच्या नर्सिंग होममध्येही केली. दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच. रक्त टिपायच्या कापडांचा, म्हणजे मॉपचा, काउंट तीनदा होतो, सुया मोजल्या जातात, एक आर्टरी (रक्तवाहिनी धरायचा चिमटा) कमी भरली तर वॉर्डबॉय मामांना कचऱ्याच्या पिशव्या उपसायला लावतात. आणि ऑपरेशनची जागा कळावी म्हणून ज्या पेनाने पेशंटच्या अंगावर खूण केली, ते कोणाच्याच हिशेबात नसतं.

आमच्याकडे एक सर होते. हात सोन्याचा, पण राउंडला आले की मार्करचं टोपण दातात. एका हाताने पेशंटचा पाय उचलायचा, दुसऱ्याने बाण काढायचा, दातातलं टोपण तसंच परत बसवायचं, पेन खिशात, पुढची खाट. एका सकाळी मी मुद्दाम मोजलं. पाच पेशंट, एकच पेन. तिसरे काका डायबेटिक फूटवाले, ड्रेसिंग सोडलेलं, पू वाहतोय, आणि लाली कुठवर आली ते सरांनी त्याच पेनाने आखलं. चौथ्या खाटेवरच्या काकू गुडघा बदलायला आलेल्या.

काकूंना काही झालं नाही, हेही सांगते. पण झालं असतं तरी पेनावर कोणी बोट ठेवलं नसतं. इन्फेक्शन नेमकं पेनामुळेच झालं हे सिद्ध करणं जवळपास अशक्य, म्हणून तर ते इतकी वर्षं सुटत आलंय. नव्या मुली विचारतात, पेन वापरण्यात काय शिकायचं, म्हणून हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी खरेदी. अप्पा बळवंत चौकातून आणलेला परमनंट मार्कर खोक्यांवर नावं घालायला ठेवा, तो कातडीसाठी बनवलेला नसतो. कातडीवरचं पेन सर्जिकलच्या दुकानात मागायचं. सदाशिव पेठेत गेलात तर दुकानदार साधारण तीन प्रकार पुढे टाकेल: एकेक वेगळं सीलबंद, स्टराइल (निर्जंतुक), सोबत छोटी पट्टी आणि कोरी लेबलं, एकेक वेगळं पण स्टराइल नसलेलं, आणि डझनाच्या खोक्यात सुटी पेनं. “मॅडम, सगळं एकच असतं” असं तो म्हणेल. एकच नसतं. पाकीट उलटं करून वाचा. गोलात २ चा आकडा आणि त्यावर तिरकी रेघ असेल तर पेन एकदाच वापरायचं. ‘स्टराइल’च्या शेजारी ‘ईओ’ असेल तर इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केलेलं, ‘आर’ असेल तर किरणांनी. तारीख बघा, पाकिटाची कड बोटाने चाचपा. जुलैत आमच्या स्टोअरच्या भिंतीला ओल येते, खालच्या फळीवरची पाकिटं लिबलिबीत होतात. कागदाला ओल लागली की आतलं पेन स्टराइल धरायचं नाही, तारीख पुढची असली तरी.

हे पेन ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, घालून परत वापरता येत नाही. एका नर्सिंग होममध्ये काटकसर म्हणून वापरलेली पेनं किडनी ट्रेमध्ये स्पिरिटात बुडवून ठेवायचे. मी रुजू झाले त्या आठवड्यात तो ट्रे उघडला, तर आत वांग्याच्या रंगाचं पाणी आणि चार पेनांची टोकं कापसासारखी फुगलेली. टोक स्पंजासारखं असतं, जे पितं ते आत धरून ठेवतं. वरून पुसून ते साफ होत नाही.

तरी एक मुद्दा हमखास निघतो, आणि तो काढणारे बहुधा डॉक्टरच असतात: शाई स्वतःच जंतुनाशक आहे ना? बरोबर आहे. बहुतेक सर्जिकल मार्करमध्ये जेन्शियन व्हायोलेट असतं. लहानपणी तोंड आलं की आई बोटाने जांभळं औषध लावायची आणि दोन दिवस दात-ओठ जांभळे घेऊन शाळेत जावं लागायचं, तेच. स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूंवर ते चांगलं चालतं. पण आपल्या आयसीयूत रोज ज्यांची नावं जंतूंच्या तपासणीच्या, म्हणजे कल्चरच्या, रिपोर्टवर येतात ते क्लेबसिएला, स्यूडोमोनास, असिनेटोबॅक्टर हे ग्रॅम-निगेटिव्ह, आणि त्यांच्यावर या रंगाचा जोर कमी पडतो. गंमत म्हणजे ही पॉझिटिव्ह-निगेटिव्हची विभागणीच या रंगावरून झाली. १८८४ साली ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरने जंतूंवर जांभळा रंग टाकला, नंतर अल्कोहोलने धुतला. काहींनी रंग धरून ठेवला, काहींनी सोडून दिला. शिवाय शाई टोकात आहे, टोपणावर नाही आणि पेनाच्या दांड्यावरही नाही. असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो. सरांचा खिसा म्हणजे कोरडा पृष्ठभागच.

आता एक गोष्ट माझ्या अनुभवाची, काही इन्फेक्शन कंट्रोलवाल्यांना पटणार नाही. वॉर्डात खूण करायला स्टराइल पेनाचा हट्ट धरू नका. कातडीच स्टराइल नसते, नंतर जंतुनाशकाने पेंटिंग होणारच आहे. वॉर्डात अट एकच: एक पेशंट, एक पेन. साधं, वेगळ्या पाकिटातलं चालतं. स्टराइल लागतं ते ड्रेपिंग, म्हणजे स्टराइल चादरी टाकून, झाल्यावर, फील्डच्या (ऑपरेशनच्या उघड्या जागेच्या) आत. हे वेगळं केलंत तर खर्च आटोक्यात राहतो आणि स्टोअरवाले इंडेंटवर, म्हणजे मागणीपत्रावर, लाल शेरा मारत नाहीत.

सेल्युलायटिसच्या, म्हणजे कातडीत पसरणाऱ्या इन्फेक्शनच्या, पेशंटची लाली रोज आखावी लागते, शेजारी तारीख-वेळ लिहावी लागते. तिथे रोज नवं पेन नको. पहिल्या दिवशीचं पेन झिपच्या पिशवीत घाला, वर नाव आणि आयपीडी (भरतीचा) नंबर लिहा, पिशवी त्याच पेशंटच्या लॉकरमध्ये ठेवा. फाइलला चिकटवू नका. फाइल काउंटरवर येते, काउंटरवर सगळ्यांच्या फाइली एकावर एक, आणि पेन शेवटी फोन नंबर लिहायला वापरलं जातं. डिस्चार्जच्या दिवशी पिशवीसकट टाकायचं.

खूण करताना बऱ्याच गोष्टी बिघडतात. खूण करायची ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच, पेशंट जागा असताना, झोपेचं इंजेक्शन देण्याआधी. सिस्टरने करून ठेवायची नाही, सर कितीही घाईत असले तरी. पेशंटला “हाच गुडघा ना?” असं विचारू नका, आपली माणसं डॉक्टरांना नाही म्हणत नाहीत. “कुठला गुडघा दुखतो, हात लावून दाखवा” असं म्हणा. दाखवलेली बाजू कन्सेंटशी आणि एक्सरेशी जुळवा. फुली कधीच नको. शाळेत फुली म्हणजे चूक, म्हणून अर्धे लोक ती ‘इथे करू नका’ अशी वाचतात. बाण काढावा आणि शेजारी सर्जनची आद्याक्षरं.

पायाला खोबरेल तेल चोपडून आलेला पेशंट आठवड्यातून एक तरी असतो. तेलावर शाई धरत नाही. स्पिरिट स्वॅबने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग खूण. केस आड येत असतील तर क्लिपर वापरा. वस्तरा नको, त्याने बारीक ओरखडे पडतात आणि तिथेच जंतू बसतात. सावळ्या कातडीवर बारीक टोकाची जांभळी रेघ ओटीच्या दिव्याखाली दिसेनाशी होते, तिथे जाड टोक घ्या आणि रेघ दोनदा फिरवा. अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पेन लावायचंच नाही, डाग कायमचा राहू शकतो. तिथे मनगटपट्टी आणि कागद.

आणि वाळू द्या. ही माझीच चूक, म्हणून सांगते. सरांनी उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बाण काढला, मी लगेच चादर ओढली, आजोबा कुशीवर वळून गुडघ्याला गुडघा लावून झोपले. ओटीत चादर काढली तर दोन्ही गुडघ्यांवर बाण, डावीकडचा आरशातल्यासारखा उलटा. आद्याक्षरं उलटी उमटली होती म्हणून लगेच कळलं, पण तो अर्धा मिनिट आठवला तरी अजून पोटात गोळा येतो. त्या दिवसापासून खूण झाली की मी मनात ६० मोजते, मगच पांघरूण.

पेशंटलाही सांगून ठेवावं लागतं. एका आजींच्या पायावर संध्याकाळी व्हेरिकोज व्हेन्स (फुगलेल्या शिरा) आखून ठेवल्या होत्या, उभं करून, डॉप्लर (रक्तप्रवाह तपासायचं यंत्र) लावून, चांगली अर्ध्या तासाची मेहनत. ऑपरेशनच्या सकाळी आंघोळीला गेल्या आणि वज्रीने घासून पाय लख्ख करून आल्या. “डाग पडला होता गं, डॉक्टर काय म्हणतील!” आता आंघोळीला जायच्या आधी पेशंटला आणि सोबत बसणाऱ्या सुनेला किंवा लेकीला, दोघींना सांगते: हे पुसायचं नाही, यावर हळू हात.

ओटीत. क्लोरहेक्सिडिन-अल्कोहोलने खूण बेटाडीनपेक्षा जास्त पुसली जाते. म्हणून खूण वाचवायला तेवढी जागा सोडून पेंट करणारे रेसिडेंट मी पाहिलेत. तसं करायचं नाही, कातडी सगळी पेंट झालीच पाहिजे. खूणच आधी गडद आणि वाळलेली हवी. अल्कोहोलचं द्रावण पूर्ण वाळेपर्यंत, कमीत कमी ३ मिनिटं, ड्रेप टाकू नका. ओलं असताना कॉटरी (विजेने जाळून रक्त थांबवायचं यंत्र) लागली तर पेट घेतं. ड्रेप झाल्यावर खूण दिसलीच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली आणलेल्या १९ मुद्द्यांच्या चेकलिस्टमध्ये, भूल देण्याआधीच्या भागात, खुणेचा प्रश्न आहे. तो ‘हो-हो’ म्हणत उरकू नका, चादर बाजूला करून डोळ्यांनी बघा. खूण फिकी झाली असेल तर सगळी पडताळणी पुन्हा, आणि मग स्टराइल पेन.

ते पेन फ्लोअर नर्सने (स्टराइल नसलेली, बाहेरून वस्तू देणारी) पाकीट दोन्ही बाजूंनी सोलून पुढे धरायचं, स्क्रब नर्सने (स्टराइल हातमोजे घातलेली) पाकिटाला हात न टेकवता उचलायचं. ट्रॉलीवर टाकायचं नाही, पाकिटाची कड लागते. टोपण काढलं की लगेच काउंटमध्ये दोन वस्तू: पेन एक, टोपण एक. टोपण छोटंसं असतं आणि ड्रेपच्या घडीत हमखास जातं. त्याच पेनाने लेबलं लिहून वाट्यांवर चिकटवा. लोकल (जागा बधिर करायचं औषध) आणि सलाइन दिसायला सारखंच पाणी असतं, दोन वाट्या शेजारी बिननावाच्या कधीच ठेवू नका. वॉर्डातलं पेन पेशंटसोबत ओटीत आलं असेल तर ते दारातच काढून घ्या.

केस संपली की पेन लाल पिशवीत, कोरडं पाकीट साध्या कचऱ्यात. टाकण्याआधी टोक क्लॅम्पने चेपून मोडा. आमच्या मावशींनी एकदा लाल पिशवीतून पेन उचललं होतं. “एवढं नवंकोरं टाकता होय, नातवाला चित्रं काढायला नेते की.” त्यांचं काय चुकलं, पेन खरंच नवं दिसतं. त्यांना सांगितलं, हे कोणाच्या तरी फाटलेल्या पोटापाशी होतं. त्यांनी पेन टाकलं, हात दोनदा धुतले, आणि आता न मोडलेलं पेन दिसलं तर आधी मला ओरडतात.

इंडेंट काढताना मागच्या महिन्याच्या केसेस चाळा. डावं-उजवं असलेल्या, मणक्याच्या आणि आखणी लागणाऱ्या केसेस मोजा, तेवढी स्टराइल पेनं आणि वर १० जादा, कारण एखादं जमिनीवर पडतंच. वॉर्डासाठी साधी वेगळी मागवा. दोन्ही एकाच खणात ठेवू नका. रात्री ड्यूटीवरची मुलगी घाईत हात घालते, आणि हाताला आधी लागेल ते उचलते.