ओहायोत बारमधल्या बेटिंग मशीनवर खेळताय? या चुका टाळा

ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून स्पोर्ट्स बेटिंग लीगल झालं आणि बार, बोलिंग अ‍ॅली, काही किराणा दुकानांतसुद्धा ही मशीन्स आली. वय २१ पूर्ण हवं. सगळ्यात जास्त गोंधळतात ते फोनवरच्या अ‍ॅपची सवय असलेले, कारण इथे फक्त मनीलाइन (कोण जिंकणार), स्प्रेड (किती पॉइंटच्या फरकाने), ओव्हर-अंडर (दोन्ही टीमचे मिळून पॉइंट ठरलेल्या आकड्याच्या वर की खाली) आणि जास्तीत जास्त चार बेट्सची पार्ले (एकत्र बांधलेल्या बेट्स, सगळ्या जिंकल्या तरच पैसे) एवढंच मिळतं. अमेरिकन फुटबॉलमध्ये अमुक प्लेअर किती यार्ड काढणार हे कितीही शोधलंत तरी सापडणार नाही, मशीन बिघडलेलं नाहीये. आठवड्याला ७०० डॉलरच्या वर लावताही येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर ७०० पण खूप झाले. हात आवरत नसेल तर १-८००-गॅम्बलर ही हेल्पलाइन आहे.

आता आकडे. -११० हा भाव म्हणजे ११० लावून जिंकलात तर १०० नफा सुटतो. २० लावलेत तर तिकिटावर ३८.१८ दिसतं, त्यात तुमचेच २० आहेत, नफा फक्त १८.१८. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचे भाव ऐकलेल्या माणसाला हे सुरुवातीला उलटंच वाटतं. स्प्रेडमध्ये बेंगल्स (सिनसिनाटीची फुटबॉल टीम) -३.५ घेतलंत, म्हणजे त्यांनी निदान ४ पॉइंटनी जिंकायला हवं, आणि ते ३ पॉइंटनी जिंकले तर बेट गेली, वर बारमध्ये सगळे नाचत असतात आणि तुमचा चेहरा पडलेला.

+३.५ आणि -३.५ स्क्रीनवर अगदी जवळजवळ असतात, बोट जरा सरकलं की भलतीच टीम. तुम्ही नोटा सरकवत असता तेवढ्यात लाइनपण, म्हणजे भाव किंवा स्प्रेडचा आकडा, बदलू शकते. म्हणून शेवटच्या स्क्रीनवर टीम, चिन्ह, आकडा, रक्कम बघा मगच ओके करा. एकदा तिकीट छापलं की संपलं, बारटेंडरशी हुज्जत घालून काही होत नाही, त्याच्या हातात काही नसतं.

मशीन सुट्टे देत नाही. २० ची नोट टाकून १५ लावलेत तर उरलेल्या ५ चं व्हाउचर काढून घ्यावं लागतं, नाहीतर मागचा माणूस तुमच्या ५ वर खेळतो.

आणि ते तिकीट जपा हो! नाव-अकाउंट न टाकता रोख लावलेत तर ज्याच्या हातात तिकीट त्याचे पैसे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिरवायला फोटो टाकायचाच असेल तर बारकोड झाका. कागद थर्मल असतो, जुलैच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तर काळा पडतो. पार्लेतली एक मॅच रद्द झाली म्हणून तिकीट फाडू नका, सहसा तेवढी मॅच वगळून बाकीच्यांवर हिशोब होतो. मॅच संपल्या संपल्या पैसे घ्यायला तिकीट मशीनवर स्कॅन होत नसेल तर थोडं थांबा, निकाल सिस्टीममध्ये चढायला वेळ लागतो. तरीही होत नसेल तर चुरगळलेला कागद सपाट करून परत लावून बघा, आणि नाहीच झालं तर बारकोडखालचा नंबर हाताशी ठेवून मशीन चालवणाऱ्या कंपनीला फोन करा.