लसीच्या ट्रायलसाठी माणसांची सामायिक यादी: कोल्हापुरातल्या कामातनं शिकलेलं

नवी लस सगळ्यांना देण्याआधी तयार असलेल्या माणसांवर तपासून बघतात, ती ट्रायल. मी कोल्हापुरात अशा ट्रायलची कोऑर्डिनेटर म्हणून काम करते. आधी प्रत्येक ट्रायलला आम्ही नव्यानं माणसं शोधायचो. मग राजारामपुरीतल्या एका काकांना एकाच आठवड्यात ट्रायल घेणाऱ्या तीन केंद्रांतून फोन गेले. त्यांनी मला विचारलं, "माझा नंबर कुणी वाटला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यानंतर आम्ही तिन्ही केंद्रांनी मिळून एकच यादी केली. तुम्हीही करणार असाल, तर या गोष्टी आधी ठरवून घ्या.

यादीत नाव घालणं म्हणजे ट्रायलला हो म्हणणं नव्हे. हे फॉर्मच्या पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात छापा: "लसीची ट्रायल निघाली तर मला फोन करून विचारायला माझी हरकत नाही. तेव्हा मी नाही म्हणू शकतो किंवा शकते." ब्रिटनमध्ये जुलै २०२० मध्ये कोविडच्या लसींसाठी अशीच यादी उघडली होती. पाच लाखांहून जास्त लोकांनी नावं दिली, तीही फक्त संपर्काची परवानगी होती. फॉर्मवर नाव, जन्मसाल, तालुका, फोन आणि मधुमेह-बीपीसारखे मोजके आजार एवढंच विचारा. आधार नंबर मागू नका, त्याची गरजच नाही. आपली माहिती कोणकोणती केंद्रं बघणार आणि नाव काढायचं तर कुणाला सांगायचं, हेही त्याच कागदावर असू द्या. फॉर्म, पोस्टर, फोनवर बोलायचा मजकूर, सगळं एथिक्स कमिटीनं, म्हणजे ट्रायलमधल्या माणसांचं हित बघणाऱ्या समितीनं, मंजूर केल्यावरच छापायला द्या.

नावं कुठं मिळतात? कॉलेजातली पोरं एका दुपारी शंभर फॉर्म भरतात, पण लस पुढं साठीच्या माणसांनाही द्यायची असते, शेतात राबणाऱ्या बायकांनाही. त्यांच्यासाठी करवीर तालुक्यातल्या दूध संस्थांत सकाळी जा. किटली मापाला लावून पावती मिळेपर्यंत बायका थांबतात, तेवढ्यात बोलणं होतं. मात्र फॉर्म संस्थेच्या चेअरमनच्या हातात देऊ नका. त्यांच्या शब्दाला नाही म्हणणं गावात जड जातं. डॉक्टरांनीही आपल्याच पेशंटला गळ घालू नये, या मताची मी आहे.

फोनचं मी जरा सविस्तर सांगते, कारण माझी मोठी चूक तिथंच झाली. फॉर्मवर नंबर बहुतेक वेळा मुलाचा असतो. एका मावशींच्या घरी सुनेनं फोन उचलला आणि मी सरळ "लसीच्या ट्रायलसंदर्भात" म्हणून मोकळी झाले. संध्याकाळी मावशींना घरात ऐकावं लागलं, "रक्त विकायला निघालीस काय?" तेव्हापासून माझा नियम आहे: ज्यांचं नाव आहे ते फोनवर येईपर्यंत ट्रायल हा शब्द काढायचा नाही. आपलं नाव सांगायचं, कधी फोन करू ते विचारायचं, ठेवायचा. सकाळी धारांच्या वेळी फोन करू नका. दुपारी दोन ते चार माणसं निवांत बोलतात.

तिन्ही केंद्रांना दिसावी अशी एक नोंद मात्र हवीच: हा माणूस सध्या कुठल्या ट्रायलमध्ये आहे का, आणि कधीपर्यंत. एकाच वेळी दोन ट्रायलमध्ये गेला तर त्याच्या जिवाला धोका आणि दोन्हीकडचे निष्कर्षही बिघडतात. यादी व्हॉट्सॲपवर फिरवू नका. कुणी उघडली याची नोंद राहील अशाच ठिकाणी ठेवा.

माणूस भेटायला आला की घाई नको. संमतीपत्र घरी न्यायला द्या. काही ट्रायलमध्ये निम्म्या लोकांना लस नव्हे, मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन मिळतं, आणि कुणाला काय मिळालं हे आपल्यालाही माहीत नसतं, हे स्पष्ट सांगा. रक्त किती घेणार ते चमच्यात सांगा: पाच मिली म्हणजे एक चहाचा चमचा. मी टेबलावर थर्मामीटर, छोटी पट्टी आणि डायरी कार्ड मांडते. रोज ताप लिहायचा, दंड लाल झाला तर पट्टीनं मोजायचा. ते हातात घेतल्यावर लोकांचे खरे प्रश्न सुरू होतात. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. नवी औषधं आणि ट्रायल यांसाठीच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई मिळते, हे न विचारताही सांगा. प्रवासखर्चाचा विषय शेवटी काढा. पैशानं सुरुवात केली की पुढचं कुणी ऐकत नाही.

कुणी "हे सरकारला माहीत आहे का?" विचारलं तर सीटीआरआयचा, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडियाचा, क्रमांक दाखवा. ती ट्रायलची नोंदवही आहे, माणसांची नव्हे. २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून तिथं नोंद सक्तीची आहे.

निवड झाली नाही त्यांनाही फोन करा. साखर जास्त निघाली म्हणून परत पाठवलेल्या माणसाला ते कारण आणि रिपोर्ट दोन्ही मिळायला हवेत. नाव काढा म्हणाला तर त्याच दिवशी तिन्हीकडून काढा.

वर्षातनं एकदा यादी ताजी करा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर चिखली-आंबेवाडीकडचे कितीतरी नंबर लागेनासे झाले होते. पण पाणी ओसरल्या ओसरल्या यादीसाठी फोन करू नका. दिवाळीनंतर करा, आणि आधी घर उभं राहिलं का, जनावरं नीट आहेत का, ते विचारा.