चीनमधल्या ग्वांगझोऊत नव्याने आलात? मग जेवणाचं हे आधी वाचा

बाहेर घामाच्या धारा लागल्या असल्या तरी हॉटेलात प्यायला गरम पाणीच येईल. वैतागू नका. गार पाण्याने पोट बिघडतं, ही इथली पक्की समजूत. स्टेशनांवर आणि रेल्वेच्या डब्यांतही उकळत्या पाण्याचा नळ असतो. एक थर्मास घेऊन टाका. आणि हो, काही ठिकाणी चहाच्या पहिल्या पाण्यात मंडळी वाट्या विसळताना दिसतील. ती इथली रीतच आहे.

तोंड आलं, घसा धरला, पुटकुळी उठली की शेजारीण म्हणेल, ‘शांगहुओ’. म्हणजे आपल्याकडची ‘उष्णता झाली’. त्यामुळे यातलं निम्मं तुम्ही आजीकडून शिकूनच आलेले आहात. पथ्यं मात्र इथली विचारून घ्या. लिची उष्ण, म्हणून मुलांना मोजकीच देतात. खेकडा थंड, तो आल्याबरोबरच खायचा. मटण उष्ण, ते थंडीत. उन्हाळ्यात हिरव्या मुगाचं गोड, पातळ सूप. हे तर आपल्यालाही सहज रुचतं.

उष्णतेवर उतारा म्हणजे ‘लियांगछा’. नावात चहा असला तरी हा वनस्पतींचा काढा, आणि नाव थंडाव्याचं असलं तरी दुकानात बरेचदा गरमच मिळतो. त्यातला ‘चोवीस चवींचा’ म्हणतात तो काडेचिराइतासारखा कडू. हौस म्हणून एकदा प्या, पण रोजचा करू नका. बऱ्याच काढ्यांत ज्येष्ठमध असतो आणि त्याच्या अतिरेकाने रक्तदाब वाढतो. बीपीच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

इथल्या घरांचं खरं औषध म्हणजे सूप. मंद आचेवर दोन-तीन तास शिजवलेलं, ऋतूप्रमाणे बदलणारं. ‘लाल खजूर’ म्हणतात ती सुकी चिनी बोरं, गोजीची छोटी लाल सुकी फळं, कमळबी, सुकवलेला कोनफळासारखा कंद अशी तयार पाकिटं सुपरमार्केटात मिळतात. घरी नुसत्या भाज्यांबरोबर शिजवली तरी छान लागतात. बाहेर मात्र शाकाहाऱ्यांनी जपून. वर भाजी तरंगत असली तरी पाणी बहुधा हाडांचं असतं. ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहारी, एवढ्यावर भागत नाही. मांसाचं सूपही नको, हे चिनी लिपीत फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. बौद्ध शाकाहारी हॉटेलांत हा प्रश्न येत नाही, शिवाय तिथे बहुतेक कांदा-लसूणही नसतो. आईवडील भेटीला आले की मी त्यांना तिथेच नेतो.